चुंबक जरा वर

४ मार्च

सकाळची प्रार्थना नीट झाली. मन शांत होतं. दुकानाची फळी उघडतो तोच दाढीवाला दारात उभा. हा एका बँडमध्ये गिटार वाजवतो. वाजवतो म्हणजे तिच्याशी भांडतो. म्हणाला, "काका, हिच्यात जरा दम भरा. ड्रमवाला हाणायला लागला की मी असून नसल्यासारखा."

त्याने जास्त ताकदीचे पिकअप मागवून ठेवले होते, ते बसवायचे होते. मी सगळ्यांना जे सांगतो ते त्यालाही सांगितलं. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज उठते आणि ॲम्प्लिफायर ती मोठी करतो. वेढे वाढवले की वीज वाढते, आवाज दांडगा होतो. पण त्याबदल्यात काही द्यावं लागतं. वरचा लखलखीत स्वर बोथट होतो, मधला फुगतो. आणि हलका हात, जड हात यांतला फरक पुसला जातो. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असलं की त्यात कुजबुज ओतली काय आणि हाक ओतली काय, सारखंच उतू जातं.

"मग उत्तमच की!" दाढीवाला म्हणाला. "आमच्यात कुजबुजतंय कोण?"

बसवून दिले. त्याने पहिला फटका मारला आणि टेबलावरचा कप सरकला. लहान मुलासारखा हसला तो. त्याच्या हाताला ते शोभतही होते. त्याने दोन जोड मागवले होते, दुसरा माझ्याकडेच ठेवून गेला. म्हणाला, "राहू द्या काका, कोणाचं तरी भलं होईल."

गावच्या शाळेत गुरुजी खिळ्याला तार गुंडाळून चुंबक करून दाखवायचे. खिळा धरायला मलाच उठवायचे, माझा हात हलत नसे म्हणून. आजही हलत नाही. ही देवाची देणगी.

७ मार्च

दुपारी धाकटा भाऊ जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आला. चौतिशी गाठली तरी याचं चालणं काही सुधारत नाही.

"दादा, बाई आल्या होत्या काल हॉलवर!"

बाई म्हणजे ती गाणारी. इतकं हळू गाते की लोक खुर्चीत पुढे सरकून बसतात. ती लांबच्या दौऱ्यावर निघते आहे, दोन वर्षं. सोबत फक्त एक गिटार, बाकी काही नाही. धाकटा रोज रात्री ज्या जेवणाच्या हॉलमध्ये वाजवतो तिथे ती जेवायला आली होती म्हणे, आणि जेवण थंड करून ऐकत बसली. अठरा तारखेला बोलावलं आहे. दुसऱ्या कोणाला बोलावलेलं नाही, एकदा एकत्र बसून बघायचं, एवढंच.

"काय म्हणाल्या माहितीये? म्हणाल्या, तुमची गिटार माझ्या गाण्यावर बोलत नाही, माझं ऐकते."

एवढ्यात ही ओल्या हातांनीच वरून खाली आली. तिने सगळं जिन्यातच ऐकलं होतं. धाकट्याचे दोन्ही गाल तिने ओल्या हातांत धरले. "बाबा असायला हवे होते रे आज," म्हणाली, आणि डोळे पुसायला पदर सापडेना तिला. मीही धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. चांगली गोष्ट आहे.

ती गिटार माझ्या सासऱ्यांची. आमच्या लग्नानंतर त्यांनी ती पहिल्यांदा माझ्याच हातात दिली होती. "जावईबापू, बघा जमतंय का." माझी बोटं जाड, एका तारेवर ठेवलं की दोन दाबली जात. पुढच्या खेपेला आले तेव्हा थोडा वेळ ऐकलं, मग गिटार माझ्या मांडीवरून उचलली आणि शेजारी बसलेल्या धाकट्याच्या मांडीवर ठेवली. तेव्हा तो दहा वर्षांचा, आई-वडिलांमागे आमच्याकडेच वाढत होता. मला काही वाटलं नाही. तसं मी त्या दिवशीच्या दैनंदिनीत लिहूनही ठेवलं आहे.

संध्याकाळी तो वर वाजवत बसला. तो वाजवायला लागला की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबतो. हे मला खाली दुकानात बसून कळतं. आजही थांबला.

१० मार्च

दुपारी जेवताना मी म्हणालो, हॉलची नोकरी सोडून दे.

"आत्ताच?" ही म्हणाली. "आधी होऊ दे की तिकडचं पक्कं."

"परतीचा दोर बांधून ठेवायचा आणि मग देवाकडे मागायचं, याला श्रद्धा म्हणत नाहीत."

"दादा म्हणतो ते खरंय वहिनी," धाकटा म्हणाला. "रोज रात्री त्या कलकलाटात वाजवून बोटं बधिर होतात. आठ दिवस घरी बसून नीट तयारी करतो."

"तू दादाचं कधी खोटं ठरवलं आहेस का आजवर?" ही हसत म्हणाली. पण हसणं वरवरचं होतं. तिला स्थिर भक्ती नाही, त्याला ती काय करणार. 

त्याने कळवून टाकलं. हॉलवाल्यांनी संध्याकाळपर्यंतच दुसरा माणूस बघितला, असं ऐकतो.

१५ मार्च

धाकट्याने गिटार खाली आणून दिली. "दादा, दोनच गोष्टी. आवाजाच्या बटणात खरखर येते, आणि ती मागची घूं-घूं. बाकी कशाला हात लावू नकोस हं. वहिनीच्या बाबांचा जीव आहे आत. काही झालं तर ती आधी मला घराबाहेर काढेल, मग तुला."

"आधी मला," मी म्हणालो. "तुला ती काढत नाही."

तो हसला. मी थट्टेत म्हटलं होतं.

१७ मार्च

आज दुकान बंद, म्हणून निवांत काम करता आलं. सकाळी प्रार्थनेला नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. मागणं एकच, माझ्या हातून धाकट्याचं भलं होऊ दे.

तारांखालची पांढरी पाटी उघडली. सासऱ्यांच्या वेळचे पिकअप, वेढे कमी, चुंबक दमलेलं. मोजून पाहिले, फारच क्षीण. अशा पिकअपवर हलका हात ठेवला तर हलकंच ऐकू येतं, जोर दिला तर जोर. माणसाच्या हातात जे असेल तेच बाहेर येतं, त्याला कसलाच आधार नाही. मनात आलं, दोन वर्षं परमुलखात, मोठमोठ्या सभागृहांत, हा एवढ्याशा आवाजावर उभा राहणार कसा? घरात लाडाने वाढलेला. त्याच्या पाठीशी काही भक्कम नको? दाढीवाल्याचा दुसरा जोड खणात पडलाच होता. आपोआप तोच हाताशी आला. असं आपोआप होतं तेव्हा त्यात देवाची इच्छा असते, असं मी मानतो.

जुने काढताना हात फार जपून चालवला. ती तार श्वासानेही तुटेल अशी. तुटली नाही. मऊ फडक्यात गुंडाळून प्रार्थनेच्या पुस्तकांमागे ठेवले.

नवे बसवले, तारांच्या टोकांना कथलाचे डाग दिले. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून चुंबक जरा वर घेतलं, तारांच्या जवळ. तसं ते शोभतं, भरल्यासारखं दिसतं. एकदा वाटलं, फार जवळ आलं का? एवढं ताकदवान चुंबक तारेच्या इतकं जवळ असलं की तारेला ते ओढून धरतं, जाड तारा दांडीच्या वरच्या घरांत दुहेरी बोलतात, सुरात असून बेसूर वाटतात. पण दाढीवाल्याचंही जवळच ठेवलं होतं आणि त्याला आवडलं होतं. तसंच राहू दिलं.

संध्याकाळी धाकट्याला दिली. तो वाजवायला बसला. भांड्यांचा आवाज थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

तो खाली आला. "दादा, काय केलंस? जाड वाटतेय. सर्दी झाल्यासारखी."

मी सांगितलं, नवे घातले, तुझ्यासाठी खास, भेट म्हणून. घरातल्या लहान खोलीत असंच वाटतं, मोठ्या जागेत उघडेल. त्याने पाटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तू केलंयस म्हणजे बरोबरच असणार." आणि वाकून पाया पडला. मला भरून आलं.

१८ मार्च

सगळं नीट लिहून ठेवतो.

मी सोबत गेलो. ॲम्प्लिफायर उचलायला कोणीतरी हवंच. निघताना सवयीने छोटा स्क्रूड्रायव्हर वरच्या खिशात टाकला. ही दारापर्यंत आली, धाकट्याच्या शर्टाची कॉलर उगाचच सरळ केली. "घाई करू नकोस," म्हणाली. "बाबा करायचे तसं, आधी त्यांचा श्वास ऐक."

खोली मोठी, लाकडी जमिनीची. बाई साध्या, केस पांढरे. धाकट्याला पाहून उठून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही मोठे भाऊ ना? फार गुणी आहे हा." मी म्हणालो, सगळी देवाची कृपा.

त्यांनी गायला सुरुवात केली. धाकट्याने पहिली तार छेडली ती अगदी हळू. मी त्याचं बोट बघत होतो, पिसासारखं पडलं होतं. पण आवाज आला तो दणकट, कडेला खरखर घेऊन. बाई दचकल्या. तो आणखी हळू वाजवू लागला, तरी तेवढाच मोठा. बटण खाली केलं तर आवाज रजईखाली गेल्यासारखा घुसमटला. बाईंनी डोळे उघडले.

"पुन्हा घेऊ," त्या म्हणाल्या.

पुन्हा घेतलं. यावेळी जाड तारा वरच्या घरांत थरथरू लागल्या, एकाच्या दोन बोलू लागल्या. धाकट्याला वाटलं सूर उतरला. त्याने खुंट्या पिळल्या. पुन्हा तेच. पुन्हा पिळल्या. कपाळावर घाम. त्याने खाली वाकून तारा आणि चुंबक यांतली फट बघितली. मग माझ्याकडे वळला.

"दादा, स्क्रूड्रायव्हर आहे? हे जरा खाली घेऊन बघतो."

मी म्हणालो, नाही आणला. परक्याच्या जागेत, एवढ्या मोठ्या बाईंसमोर गिटार उघडत बसणं बरं दिसलं नसतं. वेळ त्यांचा होता.

तिसऱ्यांदा सुरू झालं आणि बाई मधेच थांबल्या. रागावल्या नव्हत्या. तेच बघवत नव्हतं.

"तुम्हाला बरं नाहीये का?"

"नाही, बरा आहे."

"मग माझ्यावर ओरडताय का?"

धाकटा म्हणाला, "ओरडत नाहीये हो. हळूच वाजवतोय. खरंच हळू वाजवतोय." आणि बोट उचलून दाखवलं त्यांना. चौतीस वर्षांचा माणूस, बोट दाखवतो.

बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, त्या दिवशी हॉलमध्ये मला काही वेगळंच ऐकू आलं असावं. जेवणाच्या गडबडीत होतं असं. मोठ्या मनाच्या. दारापर्यंत सोडायला आल्या.

रस्त्याने ॲम्प्लिफायर मीच उचलला. घराजवळ वाकलो तेव्हा खिशातून स्क्रूड्रायव्हर खाली पडला. त्याने उचलून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "अरे, हा इथेच होता की."

तो म्हणाला, "असू दे दादा."

प्रार्थनेत आज एक गोष्ट उमगली. माणसाचा अहंकार वाढू लागला की देव त्याला थांबवतो. ते थांबवणंही प्रेमच.

१९ मार्च

सकाळीच आला. "दादा, जुने परत बसवून दे. मी बाईंना पुन्हा विनंती करतो. एकदाच ऐका म्हणतो."

मी सांगितलं, काढताना जुन्यांची तार तुटली.

ही जिन्यात उभी होती. "बाबांचे? तुटले? जोडता येणार नाहीत?"

"केसाहून बारीक तार असते. कुठे तुटली तेही दिसत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं फक्त, मी जुनं भांडं असावं आणि ते गळतंय का ते बघावं तसं. मग वर गेली.

यात खोटं असं नाही. इतकी जुनी तार आज ना उद्या तुटलीच असती. आणि तो बाईंकडे पुन्हा हात पसरायला गेला असता, पुन्हा नकार ऐकला असता. तेवढं तरी मी वाचवलं.

२ एप्रिल

धाकटा हॉलवर जाऊन आला. त्याच्या जागी घेतलेला माणूस रुळला आहे. मालक म्हणाला, तू मोठ्या लोकांत चालला होतास ना? सगळे हसले म्हणे. हे त्याने मला नाही, हिला सांगितलं. मी जिन्याखाली होतो.

मी म्हणालो, दुकानात बस माझ्यासोबत. घरचंच काम. तो हो म्हणाला. गिटार त्याने खोलीतल्या कपाटावर ठेवली आहे, तारा सैल करून.

१४ एप्रिल

काम लवकर उचलतो. डाग सुबक देतो. आज एका गिऱ्हाइकाची गिटार उघडली होती, तेव्हा विचारलं, "दादा, चुंबक तारांच्या फार जवळ असलं की जाड तारा दुहेरी बोलतात ना?"

"हो."

"आणि खाली घेतलं की सुटतात?"

"बरंचसं सुटतं. ताकदवान पिकअप असले तरी."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"अरे, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात."

तो बराच वेळ हातातला स्क्रू फिरवत बसला. मला बरं वाटलं. ज्याला शिकायचं असतं तो असाच गप्प होतो.

३ मे

बाईंचा माणूस एक गिटार घेऊन आला. दौऱ्यावर जाणारा दुसरा वादक मिळाला आहे. हात चांगला आहे, पण त्याच्या गिटारचा आवाज बाईंना जाड वाटतो. हॉलमध्ये एकदा ऐकला होता तसा हवा, असं त्यांचं चाललं आहे. कोणीतरी माझं नाव सांगितलं.

रात्री बसून विचार केला. पुस्तकांमागे पडून असलेली वस्तू कोणाच्या कामी यावी, ही सेवाच. अडवून धरणारा मी कोण?

६ मे

धाकट्याला बाजारात पाठवून जुने पिकअप त्या गिटारमध्ये बसवले. तो आल्यावर म्हणालो, वाजवून बघ आणि काय कमी-जास्त असेल ते कर, माझी बोटं जाड. दीड महिन्यात त्याने कुठल्याच गिटारला सूर लावण्यापलीकडे हात लावलेला नाही, तेवढाच सराव.

त्याने एक तार छेडली. थांबला. दुसरी छेडली. मग पाटीवर तळहात ठेवून बसून राहिला, जिवंत वस्तूवर ठेवतात तसा. माझ्याकडे बघितलं नाही. मग वाजवू लागला, हळू. ती कुजबुज मला टेबलाच्या या टोकाला स्वच्छ ऐकू आली.

वर भांड्यांचा आवाज थांबला.

ही खाली आली. हात ओले. दाराला धरून उभी राहिली. "हा… हा बाबांचा आवाज आहे."

मी म्हणालो, "दुसऱ्याची गिटार आहे ती. तुला भास होतोय."

तिने माझं ऐकलंच नाही. त्याच्याकडे बघत होती. "सांग ना रे. बाबांचाच ना?"

धाकट्याने गिटार मांडीवरून बाजूला ठेवली. वर बघितलं, आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे. म्हणाला, "नाही वहिनी. भासच आहे. दादा कधी खोटं बोलतो का?"

ती वर गेली. जिन्यात दोनदा थांबली.

मला समाधान वाटलं. आता त्यालाही जबाबदारीची समज आली आहे. घर कसं सांभाळावं ते कळू लागलं आहे.

७ मे

बाई स्वतः आल्या. नव्या वादकाने दुकानातच वाजवून बघितलं. बाई डोळे मिटून उभ्या. "हेच," म्हणाल्या. "हे कोणी केलं?"

धाकटा मागे डाग देत होता. मान वर न करता म्हणाला, "दादांनी. वेढेसुद्धा त्यांनीच घातलेत."

मी नाही म्हणणार होतो, पण बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "काय स्थिर हात आहेत तुमचे." पन्नाशीला आलो, इतकं कोणी बोललं नव्हतं. बाईंनी धाकट्यालाही विचारलं, "तुम्ही बरे आहात ना आता?" तो म्हणाला, "हो, बरा आहे. इथे काम भरपूर असतं."

ते गेल्यावर मी म्हणालो, गिटारचे सूर काय सुरेख लागले होते.

"चुंबक जरा खाली घेतलं होतं दादा," तो म्हणाला. "तारांपासून लांब. त्या वादकाला नंतर कोणाकडे मागावं लागू नये म्हणून." आणि स्क्रूड्रायव्हर पुसून माझ्या वरच्या खिशात ठेवला.

न सांगता सुचलं त्याला. चांगला कारागीर होणार.

संध्याकाळी दुकान बंद करून थोडा वेळ खालीच बसलो. वरून भांड्यांचा आवाज येत होता, एकसारखा, कुठेही न थांबता. घर भरल्यासारखं वाटलं. देवाचे आभार मानले.